किटली कायम तुमच्याच हाती का?

परदेशी राहणाऱ्या वाचक भगिनींची पत्रं अलीकडे बरीच येतात. कुणाचं दही नीट लागत नाही, कुणाची मुलं मराठीत उत्तर देत नाहीत. गेल्या महिन्यात मात्र इंग्लंडमधून एक वेगळंच पत्र आलं. ही भगिनी बर्मिंगहॅमच्या आसपास राहते. नाव छापू नका म्हणते, आणि तसंही आपण या सदरात नावं छापत नाहीच.

तिच्या यजमानांना आणि दहा वर्षांच्या मुलाला शिडाच्या होड्यांचा नाद लागलाय. जवळच्या एका क्लबाचं कुटुंब-सभासदत्व त्यांनी घेतलं. वर्गणी परवडण्यासारखी, माणसं चांगली, हवा मोकळी. पण त्या क्लबात पगारी माणूस एकही नाही. सगळी कामं सभासदांनीच वाटून घ्यायची. आणि त्या वाटणीत गेली चार वर्षं हिच्या वाट्याला एकच काम येतंय: चहा, सँडविच आणि भांडी. बापलेक पाण्यावर आणि ही मोरीपाशी! आठवड्याचे सहा दिवस माझ्या स्वयंपाकघरात आणि सातवा लोकांच्या, असं तिनं लिहिलंय. ती एकदा कुरकुरली, तर यजमान म्हणाले, ‘‘कंटाळा आला असेल तर येऊ नकोस. घरी आराम कर.’’ तर घरी थांबू का, असा तिचा प्रश्न आहे.

माझं उत्तर आधीच सांगून टाकते. घरी थांबू नका. पण किटली मात्र खाली ठेवा.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही मिरजेत नाहीतर जळगावात राहणाऱ्या, आम्हाला त्या होड्यांचं काय कौतुक? पण आपल्या सोसायटीचा गणपती आठवा बरं. वर्गणी, मांडव, लाउडस्पीकर, पाहुण्यांची भाषणं हे सगळं पुरुष मंडळींकडे. आणि प्रसादाचा शिरा आपल्याकडे. तेव्हा गोष्ट तिथली असली तरी ओळखीची आहे. शिवाय आज गावोगावच्या किती घरांतून लेकी-सुना तिकडे आहेत! नातवंडांसाठी सहा महिने जाऊन राहणाऱ्या आयाही या क्लबांत रविवारी जाऊन बसतात, आणि ‘हे सगळे लोक फुकट का राबताहेत’ असा प्रश्न त्यांना पडतो.

तर आधी ते का राबतात ते पाहू. आपल्याकडे शिडाच्या होड्यांचा क्लब म्हटलं की मुंबईचा अपोलो बंदराजवळचा रॉयल बॉम्बे यॉट क्लब डोळ्यांपुढे येतो. तो १८४६ सालचा. दगडी इमारत, जुनी तैलचित्रं, गणवेशातले वाढपी. आपल्याकडच्या जुन्या क्लबांत होडी पाण्यात ढकलायला आणि ओली शिडं वाळत घालायला सहसा पगारी खलाशी असतात. सभासदानं यायचं, होडी हाकायची आणि जायचं. इंग्लंडातही असे थाटामाटाचे क्लब आहेत. पण तिथले बहुसंख्य क्लब अगदी साधे. समुद्रावरच असतात असंही नाही. एखादं धरणाचं पाणी, किंवा खडी-वाळू काढून झालेल्या खाणीत साठलेलं तळं, काठावर एक बैठी इमारत आणि चिखलात लावलेल्या पन्नासएक लहान होड्या, की झाला क्लब.

अशा क्लबात कमोडोर असतो, व्हाइस कमोडोर असतो. नावं आरमारातली, पण ही सारी मंडळी वार्षिक सभेत निवडून दिलेली आणि बिनपगारी. कमोडोर आठवडाभर कुठं तरी नोकरी करत असतो आणि शनिवारी गटार तुंबलं की बाह्या सरसावून तोच पुढे होतो. हंगामाच्या आधी एक दिवस सगळ्यांनी जमून उताराच्या फरशीवरचं शेवाळ खरवडायचं, कुंपण दुरुस्त करायचं, शौचालय रंगवायचं. माणसं पगारावर ठेवली तर वर्गणी कितीतरी वाढेल आणि शाळामास्तर, नर्स, बसचालक अशा लोकांना ती झेपणार नाही. म्हणून प्रत्येक प्रौढ सभासदानं वर्षातून ठरावीक दिवस ‘ड्यूटी’ करायची. वर्षाच्या सुरुवातीलाच तारखा कळतात. जमत नसेल तर बदली माणूस आपला आपण शोधायचा. आणि हे नुसतं कागदावर नसतं. मदतीच्या बोटीवर माणसं नसतील तर त्या दिवशी शर्यत होत नाही. मग वारा कितीही छान असो, पन्नास माणसं काठावर चहा पीत बसतात.

म्हणजे ड्यूटी हे कुणावरचे उपकार नव्हेत आणि वेठबिगारही नव्हे. तो वर्गणीचाच एक भाग आहे. गोष्ट खटकते ती पुढेच. कुटुंबाच्या नावावर दोन ड्यूट्या आल्या की नवरा होडीकडची घेतो आणि बायकोचं नाव आपोआप चहाच्या खिडकीपुढे लिहिलं जातं. यात कुणी दुष्टपणा करत नाही. याद्या करणाऱ्यानं विचारलेलं नसतं, आणि आपणही सांगितलेलं नसतं, एवढंच.

चहाचं काम हलकं आहे असं मात्र मी मुळीच म्हणणार नाही. थंडीत दोन तास पाण्यावर कुडकुडून आलेल्या मुलाच्या हातात गरम कप देणं ही साधी गोष्ट नाही. आणि आता तिथल्या स्वयंपाकघराला नियमही पुष्कळ आहेत. आमच्या या भगिनीनं एकदा हौसेनं तीस माणसांचे कांदेपोहे केले (दोन किलो पोहे लागले म्हणते, हिशेब अगदी बरोबर आहे) आणि सगळ्यांनी बोटं चाटली. छानच झालं. पण अशा वेळी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. ब्रिटनमध्ये चौदा पदार्थ असे ठरवलेले आहेत, की खाण्यात ते असले तर खाणाऱ्याला तसं सांगता आलं पाहिजे, कारण काहींना त्यांचं जिवावर बेतणारं वावडं असतं. शेंगदाणे त्यात आहेत हे आपल्याला सुचतं. तीळ आणि दूध आहेत, हेही एक वेळ सुचेल. पण त्या यादीत मोहरीसुद्धा आहे! म्हणजे आपली फोडणी पडली की पदार्थ यादीत गेलाच. आणि डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. गव्हाचंही अनेकांना चालत नाही. तेव्हा पोह्यांच्या पातेल्याशेजारी एक कागद ठेवा आणि त्यावर शेंगदाणे, मोहरी, गहू असं ठळक लिहा. हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरं दुकानातच वाचून घ्या. दुसरं असं, की गरम पदार्थ तिथे ६३ अंश सेल्सियसच्या वर गरम ठेवावा लागतो. त्याखाली आला तर दोन तासांच्या आत संपवायचा. आपण सकाळी दहाला केलेले पोहे दुपारी तीनला ‘जरा गरम करून’ देतो, तसं तिथे करू नये. खरं तर इथेही करू नये, पण ते असो.

चाळीस माणसांच्या चहाला आठ लिटर पाणी आणि दीड लिटर दूध पुरतं. दूध वेगळं ठेवा, साखर वेगळी. आपला उकळलेला आल्याचा चहा एका छोट्या पातेल्यात निराळा करून पाहा. तो आधी संपतो असा माझा अनुभव आहे.

होय, अनुभव. यजमानांच्या नोकरीमुळे मीही काही वर्षं तिकडे होते आणि अशाच एका क्लबात माझेही रविवार गेले. माझी सुटका झाली ती एका वयस्क बाईंमुळे. निवृत्त शिक्षिका, पायांत रबरी बूट, डोक्यावर लोकरीची टोपी. एका रविवारी त्या खिडकीशी आल्या आणि म्हणाल्या, ‘‘तुला घड्याळ वाचता येतं ना? मग वर चल. माझा मदतनीस आजारी आहे.’’ मला शिडातलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी गेले.

‘वर’ म्हणजे काठावरची एक लाकडी खोली. समोर उभी काच, बाहेर झेंड्यांची काठी. या खोलीत रेस ऑफिसर बसतो, म्हणजे शर्यतीचा पंच. आणि मैत्रिणींनो, ही खोली आपल्यासाठीच आहे असं मला त्या दिवशी वाटलं. चुलीवर तीन पातेली, दारात दूधवाला, आणि मुलाची शाळेची बस पाच मिनिटांत यायची आहे, अशा वेळी आपण जे रोज करतो तेच इथे करायचं असतं.

पाहा ना. शिडाच्या होड्या सुरुवातीच्या रेघेवर थांबू शकत नाहीत. त्या सारख्या हलत असतात. म्हणून त्यांना आधीपासून वेळ सांगावी लागते. पाच मिनिटं राहिली की त्या गटाचा झेंडा वर आणि एक भोंगा. चार मिनिटांना दुसरा झेंडा, निळा आणि मध्ये पांढरा चौकोन. पुन्हा एक भोंगा. एक मिनिट उरलं की तो निळा झेंडा खाली आणि एक लांब भोंगा. आणि शून्याला पहिला झेंडा खाली, भोंगा, निघाल्या! एखादी होडी आधीच रेघ ओलांडून गेली तर पांढऱ्यावर निळी फुली असलेला झेंडा आणि आणखी एक भोंगा. त्या होडीनं परत यायचं. सगळाच गोंधळ झाला तर वेगळा तिकोनी झेंडा आणि दोन भोंगे: सगळ्यांनी परत या. नियम असा, की वेळ झेंड्यावरून धरायची. भोंगा वाजलाच नाही तरी बिघडत नाही. झेंडा मात्र सेकंदाला सेकंद धरून हलला पाहिजे. दोन रविवारांत हे कुणालाही येतं.

मग शर्यत सुरू असताना प्रत्येक होडीचा क्रमांक आणि वेळ वहीत लिहायची. यात एक गंमत आहे. क्लबात होड्या नाना तऱ्हेच्या असतात, काही चपळ, काही संथ. मग त्यांची शर्यत लावायची कशी? त्यासाठी प्रत्येक जातीच्या होडीला एक आकडा ठरवलेला असतो. त्याला पोर्ट्‌स्मथ यार्डस्टिक म्हणतात. होडी जितकी संथ तितका आकडा मोठा. लागलेल्या वेळेचे सेकंद करायचे, त्यांना हजारानं गुणायचं आणि त्या आकड्यानं भागायचं. समजा एका चपळ होडीचा आकडा ११००, तिला लागली ५५ मिनिटं. म्हणजे ३३०० सेकंद. हिशेबानं झाले ३००० सेकंद, म्हणजे ५० मिनिटं. दुसरी संथ होडी, आकडा १३९०, तिला लागली ६८ मिनिटं. म्हणजे ४०८० सेकंद. भागाकार केला की येतात सुमारे २९३५ सेकंद, म्हणजे ४९ मिनिटांनाही पाच सेकंद कमी. तेरा मिनिटं मागून आलेली होडी जिंकली! वाण्याचं बिल तोंडी तपासणाऱ्या बाईला हे अवघड का जावं? आता हा हिशेब संगणक करतो. पण आकडे त्यात नीट घालायला तेच डोळे लागतात.

त्या वरच्या खोलीत एक अधिकार असतो, त्याबद्दल सांगितलंच पाहिजे. वारा फार चढला, गडगडायला लागलं, किंवा मदतीच्या बोटी अपुऱ्या पडताहेत असं दिसलं तर रेस ऑफिसर शर्यत थांबवू शकतो. निळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा झेंडा आणि तीन भोंगे. मी खोलीत असताना त्या बाईंनी एकदा तो झेंडा वर चढवला. पहिल्या आलेल्या गृहस्थांचा चेहरा अगदी पडला. चहाच्या वेळी बरीच कुजबुज झाली, थोडं हसणंही झालं की बायका लगेच घाबरतात म्हणून. बाईंनी लोणी लावलेला पाव खात शांतपणे सांगितलं, ‘‘तुमची मुलं मोजून घेतली. सगळी आहेत.’’ आणि दुसरा पाव घेतला. शर्यतीच्या नियमांत भाग घ्यायचा की नाही याची जबाबदारी ज्याची त्याच्यावर असते हे खरं. पण दहा वर्षांच्या मुलाचं कोण ठरवणार?

आता खरा मुद्दा. या भगिनीच्या पत्रात शेवटी एक वाक्य आहे, बारीक अक्षरात लिहिल्यासारखं. तिला पोहता येत नाही, आणि मुलगा पाण्यावर असताना ती चहाच्या खोलीतून मुद्दामच बाहेर पाहत नाही. म्हणजे किटलीचा तिला कंटाळाही आहे आणि किटलीमागे ती लपतेही आहे. ताई, हे मला कळतं. पण न पाहण्यानं भीती जात नाही, उलट वाढते. माहिती करून घेतली की ती निम्मी होते. तेव्हा थोडी माहिती.

मुलं शिकतात ती होडी बहुधा ऑप्टिमिस्ट असते. १९४७ साली अमेरिकेत फ्लोरिडामध्ये क्लार्क मिल्स नावाच्या होडीबांधणाऱ्यानं ती लहान मुलांसाठीच आखली. लांबी पावणेआठ फूट, डब्यासारखा आकार, एकच शीड. अशी होडी पालथी होतेच. मुलांना ती मुद्दाम पालथी करून सरळ करायला शिकवतात. तेव्हा होडी आडवी झालेली दिसली की अपघात झाला असं समजू नका. डोकं पाण्याच्या वर दिसतं का, ते पाहा. डोकी मोजायची, होडी नाही.

मुलाच्या अंगावरचं जाकीट स्वतः तपासा. दोन प्रकार असतात. एक फोमचं, ५० न्यूटनचं, ज्याला बॉयन्सी एड म्हणतात. ते शुद्धीत असलेल्या, हातपाय हलवणाऱ्या माणसाला तरंगायला मदत करतं. दुसरं लाइफ जॅकेट, १५० न्यूटनचं. ते माणसाला उताणा करून तोंड वर ठेवायच्या बेतानं केलेलं असतं. लहान होड्यांवर पहिलंच वापरतात, कारण त्यात हालचाल करता येते आणि जवळ मदतीची बोट असते. तपासायचं कसं? पट्टे आवळून झाले की जाकिटाला खांद्यांपाशी धरून मुलाला वर उचलल्यासारखं करा. जाकीट कानांपर्यंत सरकलं तर ते मोठं आहे. ‘पुढच्या वर्षी होईल’ म्हणून आपण शाळेचा गणवेश मोठा घेतो, तसं जाकीट कधीही घेऊ नका. लहानांच्या जाकिटाला पायांमधून जाणारा पट्टा असलेला चांगला.

तिथे खरी भीती थंडीची. ब्रिटनभोवतीच्या समुद्राचं सरासरी तापमान १२ अंशांच्या आसपास असतं. अशा पाण्यात अचानक पडलं की श्वास एकदम लागतो, धाप आवरत नाही. हे साधारण मिनिट-दीड मिनिटात ओसरतं. तेवढा वेळ पोहायची धडपड न करता मागे रेलून तरंगत राहायचं, मग मदतीला ओरडायचं. रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन ही १८२४ सालची संस्था आजही मुख्यतः स्वयंसेवकांच्या बळावर समुद्रातून माणसं काढते. तिचं सांगणं हेच आहे. मुलाला हे घरी, अंघोळीच्या वेळी, गप्पांमध्ये शिकवून ठेवा. आणि काठावर कुणी गारठून आलं, तर ओले कपडे काढा, कोरडं करून गुंडाळा, डोकं झाका, पूर्ण शुद्धीत असेल तर गरम गोड पेय द्या. हातपाय चोळू नका, कढत पाण्याच्या अंघोळीला पाठवू नका, आणि कुणी ब्रँडी पुढे केली तर सरळ नको म्हणा.

मदतीच्या मोटरबोटीवर काम करणाऱ्यांसाठी एक लाल दोरी असते, किल कॉर्ड. एक टोक इंजिनाच्या कळीला, दुसरं चालवणाऱ्याच्या पायाला. चालवणारा बाहेर फेकला गेला की दोरी निसटते आणि इंजिन बंद पडतं. २०१३ च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये पॅडस्टो या गावाजवळच्या खाडीत एक अख्खं कुटुंब वेगवान बोटीतून पाण्यात फेकलं गेलं. दोरी लावलेली नव्हती. रिकामी बोट गोल गोल फिरत त्यांच्या अंगावरून गेली. वडील आणि एक मुलगी गेली, आणखी दोघांना जबर दुखापती झाल्या. तेव्हा तुमचे यजमान मदतीच्या बोटीवर बसतील त्या दिवशी धक्क्यावर उभं राहून मोठ्यानं विचारा, ‘‘अहो, दोरी लावली का?’’ चारचौघांत विचारलं म्हणून रागावले तर रागावू देत.

आणि तुम्हीही ती बोट चालवायला शिकू शकता. रॉयल यॉटिंग असोसिएशनचा पॉवरबोटीचा दुसऱ्या पायरीचा वर्ग दोन दिवसांचा असतो, मदतीच्या बोटीचा पुढचा वर्ग आणखी दोन दिवसांचा. ड्यूटी करणाऱ्या सभासदांना काही क्लब त्याच्या खर्चाला हातभार लावतात. विचारायला संकोच करू नका. पण त्याआधी पोहायला शिका. तिथल्या बऱ्याच तलावांवर फक्त बायकांसाठी वेळ राखून ठेवलेली असते आणि अंगभर पोशाखही चालतो. चाळिशीनंतर शिकणाऱ्या पुष्कळ असतात. लहान मुलांच्या वर्गावर कायम मदत करायची असेल तर तिथे पोलिसी नोंदी तपासून दाखला घ्यावा लागतो. त्यात अपमान वाटून घेऊ नका. तो सगळ्यांनाच लागतो, आणि आपल्या मुलासाठीच आहे.

बायकांचं हे क्षेत्र नाही असं कुणी म्हणालं तर दोन-तीन गोष्टी जवळ असू द्या. १९०० सालच्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये हेलेन द पूर्तालेस या बाई यजमान आणि त्यांच्या पुतण्याबरोबर शिडाच्या होडीवर होत्या आणि सुवर्णपदक घेऊन आल्या. बायकांसाठी वेगळी शर्यत मात्र ऑलिंपिकमध्ये यायला १९८८ साल उजाडलं. आपल्या नेत्रा कुमानन या २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये उतरल्या. त्या स्पर्धेत शिडाच्या होडीवर पोचलेल्या त्या पहिल्या भारतीय महिला. आणि गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली ‘तारिणी’ तर ठाऊक असेलच. २०१७ च्या सप्टेंबरात वर्तिका जोशी यांच्याबरोबर नौदलाच्या आणखी पाच तरुणी गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीला फेरा घालून २०१८ च्या मे महिन्यात परत आल्या. पुढे २०२४-२५ मध्ये दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच तोच फेरा घालून आल्या. वादळात चहा कोणी केला हे काही मला माहीत नाही. पण पाळीपाळीनं केला असणार!

राहता राहिले यजमान. त्यांच्याशी भांडू नका. ‘घरी आराम कर’ हे त्यांनी काळजीनंच म्हटलं असेल. पण त्यात एक गोष्ट त्यांच्या लक्षात आलेली नाही: तुम्ही घरी थांबलात तर तुमच्या ड्यूट्या त्यांना कराव्या लागतील, आणि त्या दिवशी त्यांची होडी काठावर राहील. हे एकदा शांतपणे कॅलेंडर पुढे घेऊन दाखवा. मग सांगा की यंदा चहाच्या दोन तारखा त्यांनी घ्यायच्या, तुम्ही वरच्या खोलीत. सँडविच करायला पुरुषांना येतं. भांडी तर येतातच. घरी दिसत नसलं तरी येतात. धाकटं मूल असेल तर दोघांच्या ड्यूट्या एका दिवशी येणार नाहीत असं आधीच बघा. आणि याद्या करणाऱ्याला तोंडी न सांगता लिहून कळवा: मला शर्यतीच्या खोलीत मदतनीस म्हणून काम हवं आहे, पहिल्या दोन वेळा अनुभवी माणसाबरोबर. ‘मला जमेल का हो’ असं लिहू नका. असे क्लब माणसांच्या शोधातच असतात. तुमचं पत्र पाहून त्या बिचाऱ्याला हायसं वाटेल.

सासूबाई येणार आहेत असंही पत्रात आहे. त्यांना बरोबर न्या. वहीत होड्यांचे क्रमांक टिपायला चष्म्याची एक नजर जास्त असली तर बरंच. मात्र धक्क्यावर पदर किंवा ओढणी मोकळी नको. दोरांत आणि इंजिनात अडकते. ती नीट खोचून घ्यावी, किंवा त्या दिवसापुरती नकोच.

पत्राच्या तळाशी कपड्यांचं विचारलं आहे, ते राहू नये. पाण्यात घालायचा तो रबरी पोशाख घरी आल्यावर लगेच गोड्या गार पाण्यातून काढा, उलटा करा आणि सावलीत जाड हँगरवर कमरेत दुमडून टाका. कपडे धुण्याच्या यंत्रात घालू नका आणि हीटरवर तर मुळीच वाळवू नका; रबर कडक होऊन चिरतं. फोमचं जाकीट पिळू नका, आणि मुलं त्यावर गुडघे टेकून बसतात तेही करू देऊ नका. फोम दबला की त्याचं बळ कमी होतं. फुगणारं लाइफ जॅकेट असेल तर आतली गॅसची नळकांडी घट्ट बसली आहे की नाही हे अधूनमधून हातानं फिरवून पाहा, ती सैल होते. आणि वरच्या खोलीत बसायचं तर मोजे लोकरीचे घ्या. सुती मोजे एकदा ओले झाले की संध्याकाळपर्यंत ओलेच राहतात.